करंजाच्या पानांवर गाठीच गाठी, फांद्या छाटू का?

मदत हवीये मंडळी. दारातला करंज सात-आठ वर्षांचा आहे, आजवर कधी काही झालं नाही, पण यावेळी पालवी फुटली तीच गाठी घेऊन. आधी हिरवट होत्या, आता तांबूस झाल्यात, बोटासारख्या उभ्या, एकेका पानावर तीस-चाळीस तरी असतील. नखाने खरवडल्या तर निघत नाहीत, जोर लावला की पानच फाटतं. एक ब्लेडने उभी चिरली, वाटलं अळी निघेल, पण आत नुसती पोकळी आणि बारीक लव. घरात पडलेलं किडीचं औषध दोनदा मारलं, ढिम्म फरक नाही. शेजारचे काका म्हणतात फांद्या छाट, नाहीतर जास्वंदीलाही लागेल. काय करू?

– पान उलटं करून बघा, गाठीच्या बरोबर खाली बारीक भोक आहे का?

– हो आहे की! टाचणी जाईल एवढं, कडेला केसाळ.

– मग कोळी आहे, माइट म्हणतात तो. करंजावरच्याचं नाव असेरिया पोंगॅमी. जेमतेम ०.२ मिमीचा, गाजरासारखा लांबट, पाय चारच, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना पोकळीच दिसणार. तो कोवळ्या पानातला रस शोषतो आणि पान स्वतःच त्याच्याभोवती वाढून घर बांधून देतं (फुकटात!). म्हणून गाठ खरवडून निघत नाही, ती पानाचाच भाग आहे, खवले कीड असती तर नखाने सुटली असती. झालेल्या गाठी आता काही केल्या जाणार नाहीत. कीटकनाशक मात्र बंद करा, बहुतेक कीटकनाशकं कोळ्याला लागू पडत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात. एवढ्या मोठ्या झाडाला याने काही होत नाही, दिसायला वाईट तेवढंच. जास्वंदीची काळजी सोडा, हा करंजावरच राहतो. फारच गाठी असलेली कोवळी पानं तोडा, नत्राचं खत जरा आवरा आणि पुढची पालवी फुटताना पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. उन्हात नको, पानं करपतात. छाटणी तर मुळीच नको, छाटलं की आणखी कोवळी पालवी येते, त्याला तेच हवंय.

– बाप रे, म्हणजे मी पंगतच वाढणार होतो! छाटणी कॅन्सल. आत्ता चिरलेली गाठ भिंगाखाली धरली, लवेत एक पांढुरका ठिपका सरकल्यासारखा वाटला, का माझेच डोळे?