‘कौन’मधील भीती खरी की खोटी?

सी विंग, काकू: नमस्कार. शनिवारी क्लब हाउसमध्ये दाखवलेल्या राम गोपाल वर्मा यांच्या ‘कौन’विषयी लिहीत आहे. शेवट सांगावाच लागणार असल्याने, ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी कृपया पुढे वाचू नये. १९९९ साली एकही गाणे न घेता, जवळजवळ सगळी कथा एकाच घरात ठेवून, तीन पात्रांवर हिंदी चित्रपट उभा करणे हे मोठेच धाडस होते. ऊर्मिला मातोंडकर यांनी साकारलेल्या नायिकेला नावसुद्धा नाही. बाहेर पाऊस, दूरदर्शन संचावर मोकाट खुन्याची बातमी आणि दाराशी मल्होत्रांचे घर विचारणारा, ‘मॅम, मॅम’ करत हटायला तयार नसलेला समीर. मनोज बाजपेयी यांचा तो आर्जवी चिवटपणा असा आहे की त्याची कीव करावी की कडी घट्ट लावावी, हेच कळत नाही. पार्श्वसंगीत मात्र विनाकारण किंचाळते. जिथे शांततेने अधिक धडकी भरली असती, तिथेही दिग्दर्शकाने आवाजावरच भिस्त ठेवली आहे. माझा मुख्य आक्षेप निराळा आहे. अखेरीस तीच खुनी निघते, तर घरात एकटी असताना, पाहणारे कोणीही नसताना, ती कोणाला घाबरत होती? ही प्रेक्षकांची फसवणूक वाटते.

ए विंग, तिसरा मजला: काकू, संगीताबद्दल पूर्ण सहमत आहे, पण या आक्षेपाशी नाही. तिची भीती हे सोंग नव्हेच. तिच्या लेखी दाराशी येणारा प्रत्येक माणूस खरोखरच जिवावर उठलेला आहे आणि त्या भीतीतूनच ती मारते. शेवट ठाऊक असताना पुन्हा पाहिल्यास तेच एकटेपणाचे प्रसंग अधिक अस्वस्थ करतात. अनुराग कश्यप यांच्या लेखनाचे खरे बळ मला तिथेच दिसते. तिसरे पात्र असलेल्या कुरेशीच्या आगमनानंतरची झटापट मात्र लांबली आहे.

सी विंग, काकू: हे पटण्यासारखे आहे. तरीही, इतका वेळ तिच्या मनात वावरल्यावर शेवटच्या काही मिनिटांत तिला केवळ धक्का देण्याचे साधन केले आहे. तिची ही अवस्था कशामुळे झाली, याचा मागमूसही मिळत नाही.

बी विंग, डॉक्टर: मला नेमके तेच खटकले. मानसिक आजार असलेल्या व्यक्ती हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता अधिक असते आणि अशा शेवटामुळे त्यांच्याविषयीचा गैरसमज पक्का होतो.