नाव एकच, चिप वेगळी: गिऱ्हाइकानं का ऐकून घ्यायचं?

करवीर_बाणा:
फोन तोच, पण देश बदलला की आतला माल बदलतो. यावर कोल्हापूरकर मंडळींचं मत हवंय. माझं आधी सांगतो. सिमची जागा, नेटवर्कचे बँड (म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे) देशाप्रमाणे वेगळे असणार, त्याला हरकत नाही. हरकत आहे ती चिपला. सॅमसंगचा गॅलेक्सी एस24 जानेवारी 2024 मध्ये आला. अमेरिकेत त्यात क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन 8 जेन 3 आणि भारतात सॅमसंगची स्वतःची एक्सिनॉस 2400. नाव तेच, जाहिरात तीच. त्याच मालिकेतल्या सगळ्यात महाग अल्ट्राला मात्र जगभर स्नॅपड्रॅगन! फोनचा मेंदूच बदलायचा असेल तर नाव बदला, नाहीतर खोक्यावर ठळक छापा.

शिरोली_शॉपफ्लोर:
बँडचा विषय तुम्ही एका वाक्यात उडवलात, पण सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. कुठली फ्रिक्वेन्सी कोणाला द्यायची हे प्रत्येक देशाचं सरकार आपापलं ठरवतं. अमेरिकेत काही 5जी मिलिमीटर वेव्हवर, म्हणजे 24 गिगाहर्ट्झच्या वर चालतं. त्याला वेगळे अँटेना लागतात. म्हणून अ‍ॅपलनं 2020 च्या आयफोन 12 पासून ते अँटेना फक्त अमेरिकेतल्या मॉडेलात बसवले. इथल्या फोनात टाकून किंमत वाढवली असती तर तुम्हीच बोंब मारली असती.

आता चिप. आमच्या फाउंड्रीत एकाच पॅटर्नचं कास्टिंग दोन गिऱ्हाइकांना जातं, ग्रेड ज्याची त्याची. आणि पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचं कच्चं लोखंड, एकाच व्यापाऱ्याकडून उचलायला कुणी शहाणा धजत नाही, उद्या तो भाव वाढवून बसला तर? सॅमसंगनं स्वतःची चिप अजिबात वापरली नाही तर क्वालकॉम म्हणेल तो भाव. शिवाय अमेरिकेत व्हेरायझन आणि स्प्रिंट या मोबाइल कंपन्यांचं जाळं सीडीएमए या जुन्या पद्धतीचं होतं, त्याची महत्त्वाची पेटंटं क्वालकॉमकडं. तिथं स्नॅपड्रॅगन देणं सोयीचं पडायचं.

करवीर_बाणा:
सीडीएमएचं कारण शिळं झालं, साहेब. व्हेरायझननं ते जाळं 2022 अखेर बंद केलं, स्प्रिंटचं त्याआधीच गेलं. तरी 2024 ला चिप वेगळीच! आपल्या देशाचाच हिशेब बघा. एस20 आणि एस21 ला एक्सिनॉस. एस22 ला स्नॅपड्रॅगन, त्या वर्षी युरोपच्या वाट्याला एक्सिनॉस. एस23 ला साऱ्या जगाला स्नॅपड्रॅगन. एस24 ला आपण परत एक्सिनॉसवर. मधल्या काळात इथं 5जी आलं हे खरं, पण ते दोन्ही चिपांवर चालतं. म्हणजे देशाची गरज वगैरे सांगायला बरं. त्या त्या साली कंपनीच्या गणितात जे बसलं, ते आपल्या खिशात आलं.

आणि फाउंड्रीचं म्हणाल, तर तुमचं गिऱ्हाईक ड्रॉइंगवर ग्रेड लिहून देतं, वर टेस्ट सर्टिफिकेट मागतं. आम्हाला कोण विचारतं?

लक्ष्मीपुरी_काउंटर:
भावा, चिप कुठली हे इचारणारी पोरं मोजकीच. बाकी समदी क्यामेरा, ब्याटरी आणि हप्ता किती. खरी डोकेदुखी बाहेरनं आणलेल्या फोनची. पाव्हणा अमेरिकेस्नं येताना स्वस्तात पडला म्हणून आयफोन घिऊन येतोय. त्यो 14 किंवा म्होरचा असला तर त्यात सिमचा ट्रेच न्हाई, नुसतं ई-सिम. मग सिम हातात धरून आमच्याकडं, 'हे कुठं घालायचं?'

गगनबावड्याकडचं गिऱ्हाईक असलं की मी पैला एन28 बँड बघतो. जिओचं 700 मेगाहर्ट्झचं 5जी त्यावर चालतंय. लांब जातंय, भिंतीतनं आत येतंय. त्यो बँड नसलेला फोन डोंगरात काय कामाचा? आयफोनवाल्यांनी सेटिंगमध्ये मॉडेल नंबर बघावा. एचएन म्हंजे भारताचा, एलएल म्हंजे अमेरिकेचा.

पन्हाळा_उतार:
दरवेळी आपल्यालाच दुय्यम माल येतो, हे रडगाणं मला पटत नाही. जुलै 2025 मध्ये आलेला नथिंग फोन 3 घ्या. भारतात बॅटरी 5,500 एमएएच, बाहेर 5,150. बॅटरीच्या एका सेलमध्ये 20 वॉट-तासांपेक्षा जास्त ऊर्जा असली की वाहतुकीला धोकादायक मालाचे कडक नियम लागतात. ती कटकट नको म्हणून कंपन्या तिकडं बॅटरी छोटी ठेवतात. 5,150 ची बॅटरी बरोबर 20 वॉट-तासांच्या आत बसते. पोको एफ7 मध्ये तर फरक आणखी मोठा, इथं 7,550 आणि बाहेर 6,500. त्यावर इथं कुणी धागा काढल्याचं माझ्या तरी बघण्यात नाही!

उलटंही होतं. शाओमीनं 2019 मध्ये रेडमी नोट 8 एनएफसीशिवाय विकला आणि युरोपसाठी एनएफसीवाला नोट 8टी काढला. तिकडं फोन मशीनला टेकवून पैसे देतात, आपल्याकडं कपिलतीर्थ मार्केटात भाजीवाल्या मावशींकडंही क्यूआर. नसलेल्या गरजेचे पैसे कशाला मोजायचे? एक मात्र करवीर यांच्या बाजूनं मान्य, शाओमीनं तेव्हा नाव बदललं होतं.

शिरोली_शॉपफ्लोर:
ताई, नाव बदलून उजेड पडतो असंही नाही. 2020 चा भारतातला रेडमी नोट 9 प्रो बाहेर नोट 9एस म्हणून विकला आणि बाहेरचा नोट 9 प्रो हा वेगळाच फोन, त्याला एनएफसी आणि 64 मेगापिक्सेलचा कॅमेरा. परदेशी रिव्ह्यू बघून इथं पैसे मोजणारा पार गंडला. आणि एक्सिनॉस 2400 दहा कोरची चिप आहे, काही भंगारातून उचललेली नाही.

करवीर_बाणा:
भंगार मी म्हटलेलंच नाही. ती उद्या स्नॅपड्रॅगनच्या पुढं गेली तरी माझी मागणी हीच राहील. एस20 च्या वेळी, 2020 मध्ये, लोकांनी एक्सिनॉसविरुद्ध ऑनलाइन याचिका काढली होती. आपण नुसते कट्ट्यावर बोलतो. खोक्यावर एमआरपी छापावीच लागते, उत्पादनाचा महिना छापावा लागतो. त्याच लेबलावर चिपच्या नावाची एक ओळ वाढली तर शाई किती जाणार? ताईंचा बॅटरीचा मुद्दा मान्य, पण एमएएचचा आकडा दुकानात विचारला की लगेच कळतो. चिपचं कुणी आपणहून सांगत नाही.

लक्ष्मीपुरी_काउंटर:
छापा की, कोण नको म्हंतंय! पर लेबलावरचं बारकं अक्षर वाचाय गिऱ्हाईक चष्मा काढणार हाय का? दुकानात डेमो पीस चालूच असतोय. एस24 चा मॉडेल नंबर उघडायचा, एस921 च्या म्होरं इंग्रजी 'B' असला तर एक्सिनॉस, 'U' असला तर अमेरिकेचा स्नॅपड्रॅगनवाला. ते बघा आणि मग हप्त्याचं बोला. मी काउंटरवर हाय, इचारलं तर सांगतो. न इचारता सांगाय लागलो तर मालक मला घरी बशीवतील.