मदत हवी आहे: एक्झॉस्ट फॅन मोठा बसवला, तरी बाथरूमच्या छताला बुरशी

नमस्कार मंडळी,

आम्ही डोंबिवलीला १९९८ च्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. वर अजून एक मजला आहे. बाथरूम सात बाय साडेचार फूट, उंची नऊ. खिडकी काचेच्या पट्ट्यांची, डक्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या आतल्या उभ्या मोकळ्या जागेत उघडणारी. घरात माणसं पाच. सकाळी साडेसहा ते साडेआठ बाथरूमला उसंत नसते, आणि बादलीतून वाफा निघाल्या नाहीत तर सासूबाईंच्या लेखी ती आंघोळच नव्हे.

मागच्या पावसाळ्यात छताच्या कोपऱ्यांत काळे ठिपके आले. दिवाळीआधी खरवडून रंग दिला. यंदा जुलै उजाडला आणि ठिपके हजर, वर रंगाचे पोपडेही सुटायला लागले. पंखा जुना होता, सहा इंची, म्हणून तो काढून आठ इंची बसवला. खोक्यावर ताशी ४०० घनमीटर लिहिलंय. खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागात प्लाय ठोकून त्यात पंखा लावला. खालच्या पट्ट्या हवा खेळती राहावी म्हणून कायम उघड्या ठेवल्यात. सव्वा महिना झाला, काडीचा फरक नाही. आंघोळीनंतर अर्ध्या तासानेही आरसा पुसावा लागतो.

दुकानदार म्हणतो दहा इंची घ्या. रंगारी म्हणतो बुरशीरोधक रंग मारा. आमच्या ह्यांचं म्हणणं, वरच्यांचं बाथरूम गळतंय. वरच्या वहिनी म्हणतात, आमच्याकडून एक थेंब नाही. परवा जिन्यात यावरून थोडी बाचाबाचीसुद्धा झाली. आणखी पैसे घालायच्या आधी विचारते, नक्की चुकतंय कुठे?

प्रतिसाद १

दहा इंची अजिबात घेऊ नका. तुमची बाथरूम म्हणजे २८३ घनफूट, साधारण ८ घनमीटर. पंखा खरंच ताशी ४०० घनमीटर ओढत असेल तर तासाला पन्नास वेळा हवा बदलायला हवी. बाथरूमला आठ-दहा वेळा बदलली तरी पुष्कळ. म्हणजे ताकद कमी नाही. प्रश्न असा की पंखा हवा ओढतोय कुठून?

उदबत्ती लावा, पंखा चालू करा, दार बंद करा. उदबत्ती आधी खालच्या पट्ट्यांपाशी धरा, मग दाराच्या फटीपाशी, मग समोरच्या कोपऱ्यात छताजवळ. माझा अंदाज, पट्ट्यांजवळचा धूर तडक वर पंख्यात जाईल आणि कोपऱ्यातला जागचा हलणार नाही. तसं असेल तर तुमचा पंखा डक्टमधली हवा पट्ट्यांतून आत घेऊन वीतभर वरून परत डक्टमध्येच टाकतोय. तुमची वाफ आहे तिथेच.

प्रतिसाद २

वरच्यांशी भांडण काढायच्या आधी एक करा. काळ्या डागाजवळची जागा कोरडी पुसून तिथे वीतभर ॲल्युमिनियम फॉइल चिकटवा, चारही कडा टेपने नीट बंद. दोन दिवसांनी काढा. बाहेरच्या बाजूला आंघोळीनंतर थेंब दिसणारच, त्यावरून काही ठरवू नका. बघायची ती आतली बाजू. ती ओली असेल तर पाणी स्लॅबमधून येतंय. कोरडी असेल तर वाफच गार छतावर बसतेय. गळतीची आणखी एक खूण म्हणजे मिठासारखी पांढरी भुकटी आणि पिवळसर कडांचा डाग. नुसते काळे ठिपके, तेही चारही कोपऱ्यांत, हे बहुधा वाफेचं काम.

धागाकर्ती

उदबत्तीचा प्रयोग आत्ताच केला. अगदी तस्सं! पट्ट्यांपाशी धूर सरळ पंख्यात, आणि कोपऱ्यात तरंगत बसला. फॉइल लावलंय. पट्ट्या बंद करून वरून चिकटपट्टी मारू का?

प्रतिसाद ३

मध्येच विचारतो. पावसाळ्यात बाहेरचीच हवा ओलीचिंब असते, मग ती आत खेचून कोरडं काय होणार? आमच्याकडे म्हणून पंखा पावसाळ्यात बंदच असतो.

प्रतिसाद १

होतं. आंघोळीनंतर बाथरूममध्ये ३२ अंशांची, वाफेने पूर्ण भरलेली हवा असते. तिच्यात घनमीटरमागे जवळजवळ ३४ ग्रॅम पाणी. बाहेर २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरली तरी २२ ग्रॅम. म्हणजे भर पावसातही प्रत्येक घनमीटर हवा दहा-बारा ग्रॅम पाणी घेऊन बाहेर जाते. उन्हाळ्यापेक्षा वेळ जास्त लागतो, इतकंच. पंखा आंघोळीच्या सुरुवातीला लावा आणि शेवटच्या माणसानंतर वीस मिनिटं चालू राहू द्या. ३० वॉटचा पंखा रोज तीन तास चालला तरी महिन्याला तीन युनिटसुद्धा होत नाहीत.

धागाकर्ती

पट्ट्या बंद केल्या, चिकटपट्टीही मारली. आता नवीनच पंचाईत! पंखा लावून दार बंद केलं की गटाराचा वास येतो. आधी कधीच नव्हता. पंख्याचा आवाजही बदललाय, घुसमटल्यासारखा. उघडू का परत?

प्रतिसाद ४

उघडू नका. पंख्याला हवा मिळत नाहीये. तुमचं दार खाली घट्ट बसतं ना? पट्ट्या बंद, दार बंद, मग तो मिळेल तिथून ओढतो, आणि मिळतंय नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या भोकातून. रोजच्या वापरातल्या ट्रॅपमध्ये पाणी असतं, ते वास अडवतं. कोरडी पडलेली एखादी नहाणी आहे का कुठे?

धागाकर्ती

आहे! वॉशिंग मशीन आधी बाथरूममध्ये होतं, दोन वर्षांपूर्वी बाल्कनीत नेलं. त्याची नहाणी कोपऱ्यात तशीच आहे. आणि दार नवीन पीव्हीसीचं, खाली उंबऱ्याला इतकं टेकतं की मुंगी जाणार नाही. मीच सुताराला सांगितलं होतं, पाणी बाहेर येता कामा नये म्हणून.

प्रतिसाद ४

मग तांब्याभर पाणी आत्ताच त्या नहाणीत ओता, पुढेही आठवड्याला एकदा. पण खरा इलाज दाराचा. खालच्या भागात बारा बाय सहा इंचांची जाळी बसवून घ्या, तिरक्या पट्ट्यांची, म्हणजे बाहेरून दिसत नाही आणि शिंतोडे आतच राहतात. हवा घरातून दाराखालून येणार, ओल्या फरशीवरून आणि भिंतींवरून फिरून वर पंख्यातून जाणार. सुतार येईपर्यंत आंघोळ झाली की दार चार बोटं उघडं ठेवून पंखा चालवा, तेच काम होतं, फुकटात.

प्रतिसाद ५

इंग्लंडमध्ये राहतो म्हणून हे वाचून गंमत वाटली. इथल्या नियमांत बाथरूमच्या पंख्याला सेकंदाला १५ लिटर, म्हणजे ताशी ५४ घनमीटर पुरतात. त्याच नियमांत दाराखाली १० मिलिमीटर फट ठेवायलाही सांगितलंय. तुमच्या पंख्याच्या सातव्या हिश्शात काम भागतं, पण फट हवीच. आणि इथे सगळे हीटर लावून खिडक्या बंद करून बसतात, बुरशी इथेही घरोघरी!

प्रतिसाद ६

गीझर गॅसचा आहे का? असेल तर आधी तो बाथरूमबाहेर काढा, बाकी नंतर. पंखा आहे म्हणून चालेल असं कृपया समजू नका. बंद जागेत गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. घुसमटलेला पंखा तर जळलेला वायू खोलीतच रोखून धरू शकतो. आंघोळीला गेलेलं माणूस आतच बेशुद्ध पडल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात.

धागाकर्ती

आमचा विजेचा आहे, १५ लिटरचा. पण खालच्या मजल्यावरच्यांचा गॅसचा आहे आणि त्याचा पाइप डक्टमध्ये सोडलाय. शिवाय कबुतरांमुळे सोसायटीने डक्टच्या तोंडावर पत्रा टाकलाय. आता भीतीच वाटायला लागली.

प्रतिसाद ६

भीती रास्त आहे. डक्ट वरून बंद म्हणजे ती नळकांडी न राहता डबा झाली. तुमच्या स्वयंपाकघरात चिमणी असेल तर आणखी एक. ती चालू झाली की हवा कुठून तरी आत ओढते, आणि उघड्या पट्ट्या असतील तर डक्टमधली ओढते. म्हणून पट्ट्या बंदच ठेवा आणि पंख्याला बाहेरच्या बाजूने आपोआप मिटणारी झडप बसवा. पत्र्याबद्दल कमिटीला लेखी द्या, तोंडी सांगितलेलं सभेत कोणाला आठवत नाही.

प्रतिसाद २

आणि बुरशी कोरडी खरवडू नका, घरभर उडते. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, तोंडाला रुमाल, पंखा चालू. फरशीच्या ॲसिडबरोबर किंवा संडासच्या क्लीनरबरोबर ब्लीच चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. छत पूर्ण सुकल्याशिवाय रंगाऱ्याला बोलावू नका. बाथरूममध्ये कपडे वाळत घालता का? मशीनमधून पिळून आलेल्या पाच किलो कपड्यांतही दोन-अडीच लिटर पाणी असतं, ते सगळं त्याच हवेत जातं.

धागाकर्ती

गणपतीच्या गडबडीत इकडे यायला उशीर झाला. फॉइल आतून कोरडं ठणठणीत निघालं. ह्यांनी स्वतः वर जाऊन वहिनींना तसं सांगितलं, आणि येताना वाटीभर पंचखाद्य घेऊन आले. दाराला जाळी लागली, पट्ट्यांच्या जागी ॲक्रिलिकचा तुकडा बसवला, कोरड्या नहाणीत दर रविवारी पाणी. आरसा आता दहा-बारा मिनिटांत साफ होतो. दोन आठवड्यांत नवा ठिपका नाही. कपडे बाहेरच्या खोलीत पंख्याखाली गेलेत, त्यावरून सासूबाई जरा नाराज आहेत. रंग नोव्हेंबरात.

खालच्यांना गॅस गीझरबद्दल सांगितलं, ते विजेचा बघतो म्हणालेत. कमिटीला पत्र दिलंय, पण सेक्रेटरी म्हणतात पत्रा काढला की कबुतरं परत येणार. कोणाच्या सोसायटीने पत्रा उंच उचलून बाजूने जाळी मारली आहे का? खर्च किती आला आणि कबुतरं खरंच थांबली का, ते सांगा. सभा पुढच्या रविवारी आहे.