शून्य बालमृत्यूचं टार्गेट दिलं की मृत्यू थांबतात, की नोंद?

खोडरबर:
परवा 'सरकारी आरोग्य खातं कंपनीसारखं चालवा' या धाग्यावर एका सभासदांनी तोडगा दिला. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला 'यंदा शून्य मातामृत्यू, शून्य बालमृत्यू' असं लेखी उद्दिष्ट द्या, दरमहा आढावा घ्या, जमलं नाही त्याची वेतनवाढ रोखा, मेळघाट तीन वर्षांत सुधारतो. खाली टाळ्यांचा पाऊस. तिथेच लिहायला बसलो होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

साहेब, ज्याची वेतनवाढ रोखणार, नोंदवहीही तोच भरतो. जन्मून तासाभरात गेलेलं बाळ 'मृतजन्म' म्हणून लिहायला काय लागतं? मृतजन्म बालमृत्यूत धरत नाहीत. झालं तुमचं शून्य! हे मी कल्पनेतून सांगत नाही. २००१ साली महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवरचा 'कोवळी पानगळ' अहवाल आला तेव्हा बोंब कशाची झाली होती आठवतंय? सरकारदरबारी दिसत होते त्याहून कितीतरी जास्त बालमृत्यू प्रत्यक्षात होत होते याचीच. तेव्हाही दरमहा आढावा होताच.

आणि मातामृत्यूचं गणित करून बघा. २०१८-२० च्या नमुना नोंदणीत (जन्ममृत्यूंची सरकारी नमुना पाहणी, एसआरएस) महाराष्ट्राचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३. ज्या तालुक्यात वर्षाला तीन हजार बाळंतपणं होतात, तिथे सरासरी एक मृत्यू. एका वर्षी शून्य येईल, पुढच्या वर्षी दोन, आणि दोन्ही वर्षी काम तितकंच झालेलं असेल. मग पहिल्या वर्षी सत्कार आणि दुसऱ्या वर्षी नोटीस?

मोजायचंच तर केंद्राच्या हातात आहे ते मोजा. बारा आठवड्यांच्या आत किती जणींची नोंदणी झाली. हिमोग्लोबिन सातच्या खाली निघालेल्या किती जणींना पुढे खरंच रक्त मिळालं. १०८ ला फोन केल्यावर गाडी किती वेळात दारात आली. बाळंतपणातला रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन, जे थंडच ठेवावं लागतं, ते फ्रिजमध्ये होतं की टेबलावर.

हिशेबी:
तो प्रतिसाद माझाच होता, नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं. :)
'मोजू नका' म्हणणाऱ्यांचा हा नवा अवतार. २००५ ला दवाखान्यात बाळंत होणारीला पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यातल्या बाळंतपणांवर सगळी यंत्रणा लावली. आज महाराष्ट्रात ती ९५ टक्क्यांच्या घरात आहेत. देशाचं मातामृत्यूचं प्रमाण २०१४-१६ ला १३० होतं, २०१८-२० ला ९७ वर आलं. हे काय आपोआप झालं? संयुक्त राष्ट्रांचं शाश्वत विकासाचं उद्दिष्टसुद्धा आकड्यातच आहे, २०३० पर्यंत ७० च्या खाली. गडचिरोलीत ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्के कमी. १९९९ ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मोजलं नसतं तर आज तुम्हाला माहीत तरी असतं का? आमच्या कारखान्यात रिजेक्शनचं टार्गेट नसतं तर निम्मा माल भंगारात गेला असता. सरकारी माणसाला मात्र आकडा दाखवला की लगेच घाम फुटतो.

खोडरबर:
गडचिरोलीचंच उदाहरण दिलंत, बरं झालं. तिथे जन्ममृत्यूंची मोजणी बाळाला सांभाळणाऱ्या आरोग्यदूतावर सोडली नव्हती. त्यासाठी वेगळी व्यवस्था, वर दर सहा महिन्यांनी घरोघर फिरून पडताळणी. मी दुसरं काय म्हणतोय? आणि बाळ म्हणजे नटबोल्ट नव्हे, हे सांगावं लागतंय यातच सगळं आलं.

मीनाक्षी_एएनएम:
कारखानेवाल्यांसाठी एक गंमत. कुठल्याही बाळंतपणाच्या रजिस्टरमध्ये जन्मवजनाचा रकाना वरून खाली वाचत जा. २.५, २.५, २.६, २.५, ३, २.५. काटा स्प्रिंगचा, झोळीत बाळ हातपाय झाडतंय, सुई २.४ आणि २.५ च्या मध्ये थरथरतेय. २.४ लिहिलं की बाळ कमी वजनाच्या यादीत. मग जादा भेटी, वेगळा तक्ता आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर 'सिस्टर, तुमच्याकडेच एवढी कशी?' रात्रपाळी संपत आलेली बाई काय लिहील, सांगा.

हिशेबी:
म्हणजे खोटं लिहिता, हे कबूल. पगार कोण देतं?

मीनाक्षी_एएनएम:
पगार तुमच्या करातून मिळतो, उपकार झाले. एकदा उपकेंद्रावर या. लाईट गेलेली, दोन जणी कळा देतायत, त्यातली एक पायाळू, आणि गाडी दुसरा पेशंट सोडायला गेलेली. आधी काटा धरताय का बाळ, ते तुम्ही ठरवा. मी आजवर एकही मृत्यू लपवलेला नाही. म्हणूनच मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त बोलणी मी खाते आणि 'उत्कृष्ट केंद्रा'ची ढाल शेजारच्यांकडे जाते.

अंगणवाडीची लेक:
आई सेविका आहे म्हणून लिहिते. तुम्ही सगळे निर्देशांक-निर्देशांक करताय, ते भरायचे कशावर? सरकारने मोबाईल दिले, दोन जीबी रॅमचे. त्यात पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप उघडेपर्यंत खिचडी शिजून पोरं जेवून घरी जायची. वर सगळं इंग्रजीत. २०२१ ला राज्यभरच्या सेविकांनी ते मोबाईल परत केले, त्यात आईही होती. वजन घेतलं, उंची घेतली, दंडाचा घेर घेतला, तरी ॲपवर चढलं नाही तर काम झालंच नाही! रात्री जेवणं झाली की आई गच्चीवर रेंज शोधत फिरते आणि मी खालून ओटीपी ओरडून सांगते.

ठाण्याचा कोडर:
रडगाणं पुरे. डेटा डिजिटल झाला की वर लिहिलेली २.५ ची लबाडी एका क्लिकमध्ये पकडता येते. त्रास ॲपचा नसतो, शिकायची तयारी नसते. माझी सत्तर वर्षांची आजी यूपीआय वापरते.

अंगणवाडीची लेक:
आजीला म्हणावं, गावातल्या सगळ्या पोरांची आधार जोडणी करून दे, गरोदर बायकांचे फोटो चढव आणि मध्येच सर्व्हर बसला की पहिल्यापासून सुरू कर. मानधनावर. मग बोलू शिकायच्या तयारीवर.

ठाण्याचा कोडर:
मानधन परवडत नसेल तर सोडा की. रांगेत शंभर जणी उभ्या आहेत.

मीनाक्षी_एएनएम:
लाज वाटू द्या थोडी.

संपादक:
व्यक्तिगत शेरेबाजी थांबवा. पुढचे असे प्रतिसाद न सांगता उडवले जातील.

धारणीकर:
मोबाईलवरून काय भांडताय राजेहो. आमच्या मेळघाटातलं ऐका. पोरगी सासरी नोंदवलेली, पहिलं बाळंतपण माहेरी. अडचण आली की अमरावतीला पाठवतात, जवळपास दीडशे किलोमीटर, त्यात घाट. कुणी जवळ म्हणून बऱ्हाणपूर गाठतं, म्हणजे राज्यच बदललं. ती तिथे दगावली तर मृत्यू कोणाच्या खात्यात? नियमाने राहत्या गावाच्या. प्रत्यक्षात कागद फिरत राहतो. आणि दिवाळीनंतर माणसं कामाला बाहेर पडली की निम्मी पोरं वजनाला नसतातच. हिवाळ्यातल्या अहवालात कुपोषण कमी दिसतं, कारण कुपोषित पोरगं बापाबरोबर वीटभट्टीवर गेलेलं असतं. होळीला परत आलं की ते पुन्हा यादीत, आणि सेविकेला नोटीस, 'संख्या का वाढली?'

हिशेबी:
ठीक आहे बाबांनो. तालुक्याला मातामृत्यूचं टार्गेट लावण्यात अर्थ नाही, तीन हजारांचं गणित पटलं. आनंद झाला? पण म्हणून सेविकेच्या, नर्सच्या शब्दावर सोडून द्यायचं, हे मला मान्य नाही. लुकड्या मुलांचं, म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्यांचं, राज्यातलं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत चौथ्या फेरीला २५.६ टक्के आणि पाचव्या फेरीलाही २५.६. मधली सगळी वर्षं मासिक अहवाल भरलेच जात होते ना? मग जबाबदारी कोणाची? वाऱ्याची?

खोडरबर:
ज्या आकड्यावर तुम्ही सगळ्यांना धारेवर धरताय तो बाहेरच्या पाहणीने आणला, त्या सेविकेने नाही. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात, आभारी आहे. जबाबदारी विचाराच, पण मृत्यू नोंदवणाऱ्याला नको. नोंदलेल्या मृत्यूचं अन्वेषण वेळेत झालं का, त्यात जे निघालं त्यावर काय केलं, हे जिल्ह्याच्या साहेबांना विचारा. रक्त नव्हतं म्हणून बाई गेली असं एकदा लिहून आलं, तर वर्षभरात तिथे रक्तसाठ्याची सोय झाली का? हा निर्देशांक ठेवा. तो कुठल्याच ढालीवर कोरलेला बघितला नाही मी.

हिशेबी:
साहेबांना टार्गेट, शिपायाला माफी. छान समाजवाद.

धारणीकर:
एकदा करून तर पाहा. साहेबाची वेतनवाढ अडकली की रक्तपेढी पळत येते का नाही ते.

अंगणवाडीची लेक:
आणि रिचार्जचे पैसे वेळेवर येतात का, याचा रकाना कुठे टाकणार? त्यावर अजून कुणीच बोललं नाही.