मदत हवी आहे: कोकणातल्या घराला वायरवाले कॅमेरे घ्यावेत की वायफायचे?

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घराला मिरग लागायच्या आत कॅमेरे बसवायचे आहेत. घरी आई-बाबा दोघंच असतात आणि दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे. मी ठाण्याला, बहीण नाशिकला. वाडीतली निम्मी घरं गणपती-शिमग्यापुरतीच उघडतात. मध्यंतरी त्यातल्या दोन घरांची कुलपं फुटली, शेजारच्या काकांच्या पडवीतली तांब्याची घंगाळी गेली. तेव्हापासून रात्री कुत्रं भुंकलं तरी आई उठून बसते.

घर जांभ्याचं, जुनं, जाड भिंतींचं. राउटर माजघरात. तिथे नेट झकास चालतं, ओटीवर जेमतेम, मागच्या पडवीत एकच कांडी. हे 2.4 गिगाहर्ट्झवर, 5 वर ठेवलं तर माजघराचा उंबरा ओलांडला की रेंज संपली. मला चार जागा दिसायला हव्यात: बेडं (आवाराचं फाटक), ओटी, मागचं दार आणि विहीर. बेडं आणि विहीर दोन्ही घरापासून लांब, तिथे वायफायचं नावच नको.

चिपळूणच्या दुकानदाराने वायरवाला सेट सुचवलाय: चार कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंग करणारा डबा) आणि 1 टीबीची हार्ड डिस्क. नेट गेलं तरी रेकॉर्डिंग घरातल्या घरात चालू राहतं, हे त्याचं म्हणणं मला पटतं. पावसात लाईट गेली की काही तासांत टॉवरही बसतो. शिवाय डीव्हीआर थेट टीव्हीला जोडता येतो. बाबांना मोबाईल जमत नाही. रात्री कडी वाजली तर दार न उघडता, टीव्ही लावून कोण आलंय ते त्यांना दिसलं पाहिजे. मी ठाण्यात बसून बघण्यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

भीती आहे ती विजेची. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आमच्याकडे विजा फार. वाडीत टीव्ही, इन्व्हर्टर जळालेले आहेत. विहिरीपर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल नेली आणि वीज जवळपास पडली, तर झटका केबलमधून थेट डीव्हीआरपर्यंत येणार. घर कातळावर, अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत.

बहीण म्हणते वायफायचे घे, भिंती फोडायला नकोत. पण त्या कॅमेऱ्यालाही अडॅप्टर लागतोच, म्हणजे बेड्यापर्यंत लाईटची वायर न्यावी लागणारच. त्यातले बरेचसे कॅमेऱ्यातल्याच कार्डावर रेकॉर्ड करतात. चोराने कॅमेरा उपटून नेला की पुरावाही गेला. क्लाउडला दरमहा पैसे, आणि नेट नसेल तेव्हा तोही बंद. सोलर पॅनलवाले बॅटरीचे कॅमेरे बेड्यासाठी बरे वाटले, पण वर आंब्याची सावली आहे आणि दिवसभर वानरांची ये-जा. प्रत्येक हालचालीला तो जागा होऊन बॅटरी खाणार.

कोकणात किंवा अशाच पावसाच्या भागात कोणी कॅमेरे बसवले असतील तर कृपया सांगा. वायरच घ्यावी का? विहिरीचं काय करू?

प्रतिसाद 1

दादा, मी कुडाळकडे हीच कामं करतो. तुमच्या घराला वायरच घ्या, पण डीव्हीआरऐवजी एनव्हीआर (नेटवर्क केबलवरच्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) आणि पीओई स्विच. एकाच नेटवर्क केबलमधून चित्रही येतं आणि कॅमेऱ्याला वीजही जाते. 100 मीटरपर्यंत चालतं. केबल बाहेरच्या वापराची कॅट 6, शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, तिच्यावर लांबच्या कॅमेऱ्याला रात्री वीज कमी पडते.

विहिरीकडे तांबं नेऊच नका. फायबर (काचेच्या तंतूची केबल) टाका, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरला नेटवर्क केबल जोडणारी डबी. काचेतून झटका येत नाही. पंपाच्या खोलीत लाईट असेलच, तीच तिथल्या कॅमेऱ्याला द्या. बेड्याच्या केबलला सर्ज प्रोटेक्टर (झटका जमिनीत उतरवणारं यंत्र) लावा, पण अर्थिंग आधी नीट करून घ्या. अर्थिंग नसेल तर प्रोटेक्टर नुसता शोभेचा.

चार कॅमेरे, स्विच, एनव्हीआर मिळून भार साधारण 50 वॅटच्या आत राहतो, घरचा इन्व्हर्टर सहज ओढेल. आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कंपनीचे पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. 9 एप्रिल 2025 पासून आपल्याकडे सीसीटीव्हीला सुरक्षेची सरकारी चाचणी सक्तीची झाली आहे, तेव्हा मॉडेल त्यात बसतं का ते दुकानदाराला विचारून घ्या.

प्रतिसाद 2

देवरुखला माहेरी बॅटरीचा सोलर कॅमेरा आहे. उन्हाळ्यात उत्तम. आषाढ-श्रावणात मात्र ऊन नसतं, मग तो काढून घरात चार्ज करावा लागतो. म्हणजे पावसात ओल्या शिडीवर कोणीतरी चढायचं. तुमच्या आई-बाबांना हे करावं लागेल असं काही घेऊ नका.

आणखी एक. रात्री कॅमेऱ्यातल्या इन्फ्रारेड दिव्यांपुढे पाखरं येतात, पाखरांमागे कोळी. जाळं काचेसमोर आलं की सगळं पांढरं दिसतं. कॅमेरा हातभर लांब झाडूने पुसता येईल इतक्याच उंचीवर लावा आणि अंगणातला दिवा त्याच्यापासून दूर ठेवा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. ताई, शिडीचा मुद्दा बहिणीला ऐकवला, तिलाही पटला. बॅटरीवाला रद्द, वायरच घेतो. दुकानदाराकडून एनव्हीआरचं कोटेशन मागवलंय.

दादा, अजून दोन गोष्टी विचारतो. केबल वळचणीखालून नेली तर उंदीर कुरतडतील, तर साधा पीव्हीसी पाइप पुरेल का लोखंडी घालू? आणि विहिरीच्या कॅमेऱ्यात आमची न्हाणी आणि शेजारच्या काकूंचं मागलं दार येतं. आईला ते अजिबात नको आहे, आणि तिचं बरोबर आहे. तेवढा भाग काळा करून ठेवता येतो असं ऐकलंय. ते कॅमेऱ्यातच करायचं की एनव्हीआरमध्ये, आणि एकदा केलं की रेकॉर्डिंगमध्येही तो भाग झाकलेलाच राहतो ना?