'फ्रॉलिक'ला 'मजा करणे' म्हणायचं का?

सहकारनगरची आजी
नातू तिसरीत आहे, इंग्रजी माध्यमात. त्याच्या धड्यात कोकरं कुरणात 'फ्रॉलिक' करतात. वहीत अर्थ लिहून आणलाय, 'मजा करणे'. तीस वर्षं मराठी शिकवलंय मी, मला काही हे पटेना. म्हटलं, "बागडणे लिही." तर विचारतो, "आजी, बागडणे म्हणजे?" पोटात तुटलं हो. मजा तर बसल्या जागी मोबाइलवरही करता येते! या शब्दाचं मूळ कुणी सांगेल का?

जर्मनवाली, कोथरूड
आजी, मी रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन शिकले. तिथे 'फ्र्योलिश' लवकरच भेटतो, म्हणजे आनंदी. नाताळच्या शुभेच्छाही 'फ्र्योलिशे वाइनाख्टन' अशा देतात. त्याचाच डच भाऊ 'व्रोलिक'. इंग्रजीने तो 16व्या शतकात डचांकडून घेतला. 'व्रो' म्हणजे खूश, आणि मागचं 'लिक' म्हणजे इंग्रजी 'फ्रेंडली'तलं 'ली'च. त्यामुळे हा शब्द आधी विशेषण होता. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' या नाटकाच्या शेवटी पक नावाचं खट्याळ पात्र म्हणतं की आम्ही पऱ्या आता 'फ्रॉलिक' आहोत, तो याच अर्थाने. क्रियापद आणि नाम मागाहून आले.

शब्दवेडा
यात भर घालतो. काही अभ्यासक त्या 'व्रो'चं मूळ उडी मारण्याच्या धातूशी जोडतात. म्हणजे आनंद पायांत उतरलेला! त्याच अर्थाचा इंग्रजी 'गॅम्बोल' तर इटालियन 'गाम्बा', म्हणजे पाय, यावरूनच आलाय. आणि नातवाला एक सांगा: 'फ्रॉलिक'चा भूतकाळ लिहिताना 'सी'नंतर 'के' येतो, 'पिकनिक'ला येतो तसाच.

सहकारनगरची आजी
दोघांनाही मनापासून धन्यवाद. पायांत उतरलेला आनंद, हेच तर मला त्याला सांगायचं होतं. रविवारी त्याला घेऊन सासवडला निघालो होतो. दिवे घाटाच्या अलीकडे धनगरांचा वाडा बसला होता. मुद्दाम गाडी थांबवली. मेंढ्या खाली मान घालून चरत होत्या, आणि दोन कोकरं मात्र चारी पाय एकदम उचलून उड्या मारत होती, कारण काही नसताना. मी म्हटलं, "बघ, हे बागडणं." तो पाच मिनिटं नुसता बघत राहिला. मग स्वतःच बांधावरून उड्या मारत सुटला.

घरी आल्यावर वहीत 'मजा करणे' खोडून त्याने 'बागडणे' लिहिलं. 'ड'ऐवजी 'ढ' काढलाय. तेवढा उद्या सुधारून घेते.