जॅझ स्टँडर्ड्स, पॉप आणि भावगीतं एकाच अल्बममध्ये: स्केल, कॉर्ड, रेकॉर्डिंग, परवानगी

मंद्रसप्तक:
नमस्कार मंडळी. एका गायिकेचा आठ गाण्यांचा अल्बम बसवायचा आहे. चार जॅझ स्टँडर्ड्स (जॅझवाले सगळे वाजवतात अशी जुनी, ठरलेली गाणी), दोन इंग्रजी पॉप आणि दोन भावगीतं, त्यातलं एक यमनमधलं, दुसरं दादऱ्यातलं. साथीला पियानो, डबल बेस, ड्रम्स. भावगीतांना पेटी-तबला घ्यावा का, ते ठरत नाहीये. आवाज खालचा आहे. मधल्या सीच्या खालच्या एफपासून वरच्या सीपर्यंत मोकळा लागतो. नोटेशनच्या पुस्तकातल्या स्केलमध्ये (पट्टीत) वरचा भाग ताणला जातो, आणि यमनच्या गाण्याला कॉर्ड लावले की यमन पळून जातो. रेकॉर्डिंग जुलैत, अंधेरीत. शिवाय कुणी म्हणतं, आगाऊ रॉयल्टी भरली की कव्हरला, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने गायला, परवानगी लागत नाही. हे खरं आहे का?

पांढरीपाच:
स्केल ठरवताना फक्त वरचा सूर बघू नका. प्रत्येक गाण्याचा सगळ्यात खालचा, सगळ्यात वरचा आणि जिथे आवाज सर्वांत जास्त वेळ थांबतो तो मुक्कामाचा सूर, असे तीन सूर कागदावर लिहा. मुक्कामाचा सूर आवाजाच्या मधल्या भागात यायला हवा. वरचा सूर क्षणभर लागत असेल तर काठावर चालतो. पुस्तकातल्या स्केल बहुतेक वाद्यांच्या सोयीच्या असतात. खालच्या आवाजाला चार-पाच स्वर उतरवावं लागणं नेहमीचंच.

उतरवल्यावर पियानोवाल्याला डावा हात बदलायला सांगा. खालच्या सप्तकात तीन-चार स्वरांचा घट्ट कॉर्ड धरला की नुसता चिखल होतो, आणि तिथेच बेस वाजत असतो. डाव्या हाताने कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वर पुरे, मूळ स्वर बेसवाल्याचा.

आणि एका गाण्यात एकच गोष्ट मोडा. ताल बदलला तर कॉर्ड ओळखीचे ठेवा, कॉर्ड बदलले तर चाल सरळ गा. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने १९६० मध्ये ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ वाजवलं तेव्हा लांबलचक सोलोखाली कॉर्ड जवळजवळ थांबवले, पण चाल आणि तीनचा ठेका ऐकताक्षणी ओळखू येतो. पॉपचा बाऊ करू नका. मुंबईत जन्मलेल्या गायिका आशा पुथलींनी १९७३च्या पहिल्याच सोलो अल्बममध्ये बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनचं ‘आय डिग लव्ह’ गायलं होतं.

तीव्रम:
यमन का पळतो ते सांगतो. या आवाजाला सा पांढरी पाच, म्हणजे जी धरा. मंद्र नि आणि तार ग दोन्ही आवाक्यात येतात. मंद्र धैवतावर मुक्काम असेल तर मात्र अडचण. आता तीव्र म म्हणजे सी शार्प. जॅझवाल्याचा हात सवयीने डी सेव्हनवरून जीवर येतो, आणि डी सेव्हनमध्ये साधा सी आहे, म्हणजे शुद्ध म. गायिका तीव्र मध्यम लावतेय आणि पियानो शुद्ध वाजवतोय! सी मेजरचंही तेच.

त्याऐवजी ए सेव्हन, बी मायनर सेव्हन, एफ शार्प मायनर सेव्हन, डी मेजर सेव्हन वापरा. सगळ्यांत यमनचेच स्वर आहेत. पण ए सेव्हनवरून डीवर वारंवार उतरलात तर कान डीलाच सा मानतो. म्हणून मुखड्यात बेसला जी धरून ठेवू द्या आणि वर कॉर्ड हलू द्या. अंतऱ्यात बेसला मोकळं सोडा. आणखी एक: गायिका सा या स्वरावर थांबते तिथे जी मेजर सेव्हन नको. त्यातला नि तिच्या सा स्वराला अर्ध्या स्वरावर घासतो. तिथे जी सिक्स.

दादऱ्याच्या सहा मात्रा म्हणजे तीन-तीन मात्रांचे दोन बार (आवर्तनाचे भाग); त्यांना जॅझ वॉल्ट्झ (तीनच्या ठेक्यातला जॅझ) म्हणा, पण चौथ्या मात्रेला खाली आहे हे ड्रमरला सांगून ठेवा, नाहीतर तो दर तीन मात्रांना सम दाखवतो. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झोक्याच्या लयीत, पहिली अर्धी मात्रा लांबते; ऱ्हस्व अक्षर तिच्यावर पडलं की ‘मन’चं ‘मान’ ऐकू येतं. असे शब्द दुसऱ्या अर्ध्या मात्रेवर ढकला.

तबला मला नको वाटतो. सा स्वरात लावलेला तबला कॉर्ड कुठेही गेला तरी साच म्हणत राहतो. घ्यायचाच तर बेस जीवर थांबलाय तेवढ्या भागात.

केबलगुंडाळ्या:
जुलैतल्या दमट हवेत पियानोचा साउंडबोर्ड फुगतो आणि मधली सप्तकं चढतात. ट्यूनर आदल्या दिवशी नको, त्याच सकाळी बोलवा, तोही एसी दोन तास चालल्यावर. जेवणाच्या सुट्टीत एसी बंद करू देऊ नका. पेटी घेणार असाल तर आधी पेटी तपासा. तिच्या पट्ट्या ४४२वर (म्हणजे ए हा स्वर ४४२ हर्ट्झवर) असतील तर पियानो ४४२वर लावा, कारण पेटी ऐनवेळी हलत नाही.

अंधेरी विमानांच्या वाटेवर आहे. खोली नीट बंद नसेल तर घरघर नेमकी बेसच्या माइकमध्ये शिरते. बॅलड, म्हणजे संथ गाणी, रात्री उशिरा घ्या. आठ तासांच्या शिफ्टमध्ये पहिले दोन तास मांडणी आणि आवाज तपासण्यात जातात. दिवसाला तीन गाणी धरा, चार नाही.

गायिका काचेपलीकडे पण समोर दिसेल अशी, माइक साधारण वीतभर लांब. तिचा सूर खाली उतरत असेल तर पहिल्यांदा हेडफोन बघा. स्वतःचा आवाज फार मोठा आणि रिव्हर्ब (घुमारा) जास्त असला की हे होतं. एक कान मोकळा ठेवायला सांगा. क्लिक (हेडफोनमधली मेट्रोनोमची टिकटिक) गाताना नको, पण प्रत्येक टेकआधी तोच टेम्पो मेट्रोनोमवर ऐकवा, नाहीतर दोन टेकमधला जोड बसणार नाही.

मंद्रसप्तक:
जी सिक्सचं लगेच वाजवून बघतो. परवानगीचं कुणी सांगेल का?

कलमकसाई:
ऐकलंय ते अर्धं खरं आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ सी मध्ये कव्हरसाठी वैधानिक परवाना आहे: गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड झालं त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं उलटलेली हवीत, आगाऊ सूचना द्यायची, आणि प्रत्येक गाण्यामागे दरवर्षी सर्वसाधारणपणे किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची. वर तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला आणि मालकाच्या संमतीने आधी न झालेला कुठलाही बदल करता येत नाही. कॉर्ड, ताल, रचना सगळंच तुम्ही बदलताय, तेव्हा या वाटेवर विसंबू नका. मालकाकडून लेखी परवानगी घ्या.

तुम्ही नव्याने गाताय, म्हणून जुन्या रेकॉर्डिंगचा नाही, शब्द आणि चालीचा हक्क हवा. पण बऱ्याच जुन्या मराठी गाण्यांत तोही रेकॉर्ड कंपनीकडेच दिलेला असतो. मालक कोण ते आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) विचारा. पत्रात गाणं, गीतकार, संगीतकार, लांबी, माध्यम (स्ट्रीमिंग, रेकॉर्ड, सीडी), प्रदेश लिहा आणि बदललेल्या चालीचा डेमो जोडा. डेमोशिवाय दिलेल्या होकारावर पुढे वाद होतो. यूट्यूबवर व्हिडिओ टाकणार असाल तर तेही याच पत्रात मागा, आणि इंग्रजी गाण्याचा एखादा अंतरा मराठीत करणार असाल तर भाषांतराचा हक्कही.

जुनं म्हणजे फुकट असं समजू नका. आपल्याकडे कॉपीराइटची मुदत गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आहे. ‘ऑटम लीव्हज’चा संगीतकार कोस्मा १९६९ मध्ये गेला, म्हणजे चाल २०२९ अखेरपर्यंत हक्कात अडकलेली, आणि शब्दांची मुदत वेगळी मोजायची. अल्बम परदेशातही ऐकवणार असाल तर तिथली मुदत तिथल्या कायद्याने.

मंद्रसप्तक:
म्हणजे डेमो आधी, स्टुडिओ नंतर. जुलैची तारीख पुढे ढकलतोय.

केबलगुंडाळ्या:
ढकला, पण थेट नोव्हेंबरवर. गणपतीत ढोल काचेतूनही येतो.